ओठ जड, दाढ जित्ती: खालच्या जबड्याला भूल देताना

"डॉक्टर, ओठ पार जड झालाय बघा, पण दाढ अजून जित्ती हाय."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात हे वाक्य मी चोवीस वर्षं ऐकते आहे. कागलचा शेतकरी म्हणतो, गुजरीतला कारागीर म्हणतो, मंगळवार पेठेतल्या शाळेच्या बाई म्हणतात. माझ्याकडे शिकायला येणारी नवी डॉक्टर मुलं हे ऐकलं की लगेच सिरिंजमध्ये आणखी २ मिली भरतात आणि त्याच जागी, त्याच कोनात पुन्हा टोचतात. त्यांना मी जे सांगते ते इथे लिहून ठेवते आहे. पदवी घेऊन नुकते खुर्चीपाशी उभे राहिलेल्यांसाठी हे आहे.

वरच्या दातांना एवढा विचार लागत नाही. तिथलं बाहेरचं हाड पातळ, मुळाशेजारी औषध सोडलं की झिरपतं. खालच्या दाढांभोवतीचं हाड जाड आणि घट्ट. म्हणून खालच्या दातांना जाणारी नस हाडात शिरायच्या आधीच तिला गाठावं लागतं, आणि ती नेमकी कुठे शिरते हे माणसागणिक बदलतं. एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या बाजूलाही फरक असतो. हॅल्स्टेड यांनी १८८४-८५ च्या सुमारास कोकेन वापरून ही नस पहिल्यांदा बधिर केली. लिग्नोकेन हे आजचं भुलीचं औषध १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालं. औषध इतकं सुधारलं, तरी आजचीही पाठ्यपुस्तकं सांगतात की हा ब्लॉक, म्हणजे नसेलाच दिलेली भूल, शंभरात १५ ते २० वेळा नीट लागत नाही.

माझ्या प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी तालमीत मेहनत करणारा एक तरुण आला होता. खालची पहिली दाढ, रूट कॅनाल. मी दोनदा ब्लॉक दिला. ओठ बधिर झाला. बर (दात कोरायचं फिरतं टोक) लावल्यावर तो म्हणाला, लागतंय. मी म्हटलं, "ओठ जड आहे ना, मग दुखेल कसं? नुसता दाब जाणवतोय तुम्हाला." तो म्हणाला, "होऊ द्या मॅडम, सोसतो." काम झाल्यावर खुर्चीच्या हाताच्या रेक्झिनवर त्याच्या नखांच्या चार खुणा उमटलेल्या दिसल्या. दुसऱ्या सिटिंगला तो आलाच नाही. त्या दिवशी चूक माझी होती. त्याचा जबडा मी पाहिलाच नव्हता, फक्त पुस्तकातला जबडा डोक्यात ठेवून सुई घातली होती. आणि तो खरं सांगत असताना मी त्याला खोटं पाडलं होतं.

आधी हाड हातात घ्या

कॉलेजमध्ये माणसाचा सुका जबडा पहिल्या वर्षी हाताळलेला असतो, त्यानंतर कुणी हात लावत नाही. तो परत मिळाला तर उत्तमच. नसेल तर कोल्हापुरात अडचण कसली? मटणाच्या दुकानातून मुंडी आणा, रस्सा करा आणि जबडा स्वच्छ करून ठेवा. बकऱ्याच्या जबड्याची ठेवण आपल्यापेक्षा वेगळी असते हे खरं, पण उभ्या भागाच्या आतल्या बाजूला नस शिरण्याचं भोक तिथेही असतं आणि पुढे दातांच्या मोकळ्या जागेशी नस बाहेर पडण्याचं भोकही ठळक दिसतं. डोळे मिटून अंगठ्याने ते आतलं भोक शोधा. हाडाच्या कडेपासून किती आत गेलात, वाटेत कुठला कंगोरा लागला, हे बोटाला कळू द्या. मी माझ्या टेबलाच्या खणात असा एक जबडा ठेवला आहे आणि नव्या मुलांना पहिल्या दिवशी तोच हातात देते.

माणसाच्या जबड्यात त्या भोकाच्या तोंडाशी हाडाची एक पाकळी असते, लिंग्युला. ती कुणाची त्रिकोणी, कुणाची छाटल्यासारखी आखूड, कुणाची गाठीसारखी, तर कुणाची हाडात जवळजवळ विरून गेलेली. तिला एक पट्ट्यासारखा लिगामेंट चिकटलेला असतो. औषध या पट्ट्याच्या चुकीच्या बाजूला किंवा पाकळीच्या खाली पडलं, तर ते नसेपर्यंत पोचतच नाही. सुई बरोबर दिशेने गेली, फक्त ५ मिमी खाली गेली, एवढ्यानेच ब्लॉक फसतो. म्हणून शंका असेल तेव्हा थोडं वर राहा. वर पडलेलं औषध खाली उतरू शकतं.

सिरिंज उचलायच्या आधी

पेशंटला तोंड पूर्ण उघडायला सांगा. अर्धवट उघडलेल्या तोंडात सगळ्या खुणा सैल पडतात. अंगठा खालच्या शेवटच्या दाढेच्या मागे, हाडाच्या पुढच्या कडेवर ठेवा आणि वर-खाली फिरवा. जिथे अंगठा सगळ्यात खोल बसतो ती कोरोनॉइड नॉच. तुमची उंची साधारण तिथे ठरते. आता त्याच हाताचं पहिलं बोट बाहेरून, कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या मागच्या कडेला लावा. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये जे सापडलं तो त्या माणसाचा रेमस, जबड्याचा उभा भाग. भोक साधारण त्याच्या मध्यावर किंवा किंचित मागे असतं. माझ्या दृष्टीने ही चिमूट सगळ्या पुस्तकी आकड्यांपेक्षा मोलाची आहे, कारण ती समोरच्या माणसाची आहे. शेलाट्या अंगाच्या बाईच्या गालात ही चिमूट लहान भरते, तालमीतल्या गड्याच्या गालात हाताचा पंजा ताणावा लागतो. दोघांना सुई सारखीच खोल घातली, तर एकाला पलीकडे जाईल आणि दुसऱ्याला अलीकडेच राहील.

ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढलेला असेल तर तो नुसता दाढेसाठी बघू नका. दातांच्या चावण्याच्या रेषेला पट्टी लावून ती मागे रेमसवर न्या. नसेच्या नळीचं नरसाळ्यासारखं तोंड त्या रेषेच्या किती वर आहे ते दिसेल. मिलिमीटर मोजायला जाऊ नका. ओपीजीत आकार वाढून येतो आणि डोकं वाकडं असेल तर दोन्ही बाजू फसवतात. वर, बरोबरीला की खाली, एवढंच घ्या. नळी कुठे दुहेरी दिसते का तेही पाहा. ओपीजीवर अशी दुहेरी नळी क्वचितच दिसते, सीबीसीटीत (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये) त्याहून बरीच जास्त सापडते. म्हणजे ती असते, आपल्याला दिसत नाही.

सुई

मोठ्या माणसाला सुई दातांच्या चावण्याच्या रेषेच्या ६ ते १० मिमी वर, गालाच्या आत वरून खाली उतरणाऱ्या ताणलेल्या घडीच्या बाहेरच्या अंगाला. सिरिंजची नळी समोरच्या, म्हणजे तोंडाच्या दुसऱ्या बाजूच्या, प्रीमोलरवर (सुळ्यामागच्या छोट्या दाढांवर). साधारण २० ते २५ मिमीवर हाड लागतं. आपल्याकडे बरेच जण २ मिलीची डिस्पोजेबल सिरिंज आणि दीड इंची सुई वापरतात, म्हणजे ३८ मिमी. निम्म्याहून थोडी जास्त आत गेलेली असते तेव्हा हाडाचा स्पर्श होतो. सुई मुठीपर्यंत कधीच घालू नका आणि वाकवू नका; तुटलीच तर बाहेर काढायला काहीतरी दिसलं पाहिजे.

हाडाचा हा स्पर्श म्हणजे जबड्याने तुम्हाला दिलेलं उत्तर आहे. ते नीट ऐका.

सुई अर्धीही गेली नाही आणि हाड लागलं, तर तुम्ही फार पुढे आहात, आतल्या कंगोऱ्यावर आपटलात. सुई बाहेर न काढता थोडी मागे घ्या, सिरिंज समोरच्या बाजूच्या सुळ्याकडे, पुढच्या दातांकडे आणा आणि पुन्हा आत जा. टोक आता मागे सरकलं.

सुई खोल गेली आणि हाड लागतच नाही, तर टोक मागे निसटलं आहे. बाहेर फाकलेल्या रेमसमध्ये हे हमखास होतं. सुई बरीचशी मागे घ्या, सिरिंज समोरच्या दाढांवर न्या आणि पुन्हा जा. हाड लागल्याशिवाय औषध सोडू नका. हा नियम मी एकदा मोडला आहे. एका शिक्षिकेला ब्लॉक देताना हाड लागलं नाही, बाहेर पेशंट ताटकळत होते, मी औषध सोडलं. पाच मिनिटांनी त्या बाईंचा त्या बाजूचा डोळा मिटेना, भुवई उचलेना. औषध कानापुढच्या पॅरोटिड या लाळग्रंथीत जाऊन चेहऱ्याच्या नसेवर बसलं होतं. त्या घाबरल्या, त्यांच्याहून मी जास्त. डोळ्यावर ओला कापूस ठेवून पापणी हाताने मिटून ठेवली, त्यांना शेजारच्या खोलीत बसवलं, चहा दिला, काय झालंय ते सरळ सांगितलं. तीन तासांनी पापणी हलली तेव्हा दोघींना एकदमच रडू आलं.

हाड लागल्यावर १ मिमी मागे, मग ॲस्पिरेशन (दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का ते पाहणं), मग सिरिंज थोडी फिरवून पुन्हा ॲस्पिरेशन. तोंडातल्या सगळ्या इंजेक्शनांमध्ये इथे रक्त येण्याचं प्रमाण जास्त, दहात एखाद्याला येतंच. मग सावकाश, मिनिटाला साधारण १ मिली. मागे येताना थोडं जिभेच्या नसेसाठी. गालाच्या बाजूची हिरडी दुखणार असेल तर लाँग बक्कल, गालाकडच्या नसेचा ब्लॉक, वेगळा द्यावा लागतो. तो ब्लॉक फसला म्हणून नव्हे, ती शाखाच वेगळी आहे म्हणून.

मूल, आजी, आणि न उघडणारं तोंड

मुलाचा रेमस अजून वाढायचा असतो, म्हणून भोक खाली असतं. चार-पाच वर्षांच्या पोराला चावण्याच्या रेषेच्या बरोबरीला किंवा किंचित खाली जावं लागतं, खोलीही कमी. वय वाढतं तसं भोक रेषेच्या वर सरकत जातं. लहान मुलांत मी लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ४.४ मिग्रॅ धरते. १५ किलोच्या पोराला होतात ६६ मिग्रॅ. २ टक्क्यांच्या औषधात १ मिलीत २० मिग्रॅ असतात, म्हणजे ३.३ मिली. पहिल्या २ मिलीनंतर "अजून एक भरा" म्हणणाऱ्याने हे गणित आधी करावं, दुसऱ्या सिरिंजने मर्यादा ओलांडली जाते. मोठ्या माणसाला ॲड्रिनलिनसहित किलोमागे ७ मिग्रॅपर्यंत चालतं, तिथे जागा असते. आणि घरी जाताना आईला सांगा की दोन-तीन तास पोराच्या ओठाकडे लक्ष ठेवा. बधिर ओठ मुलं चघळून रक्तबंबाळ करतात.

आजींची गोष्ट उलटी. दात गेले की त्याभोवतीचं हाड झिजतं. भोक जिथल्या तिथेच असतं, पण आपली रेषा खाली गेलेली असते. हिरडीवरून ६ ते १० मिमी मोजून टोचलं तर सुई फार खाली पडते. गडहिंग्लजच्या एका आजींना, बरीच वर्षं मशेरी लावलेली, खाली फक्त एक दाढ उरलेली, मी दोनदा असंच खाली टोचलं होतं. मग त्यांच्या पिशवीतली जुनी कवळी घालायला लावली. कवळीच्या दातांची रेषा नजरेत ठेवली, कोरोनॉइड नॉच पुन्हा चाचपली, आणि तिसऱ्यांदा जवळजवळ बोटाच्या पेराइतकं वर गेले. तेव्हा लागलं. अशा जबड्यात ओठाकडे जाणाऱ्या नसेचं, मेंटल फोरामेनचं, भोकही हिरडीच्या माथ्याशी आलेलं असतं. तिथे कापायची वेळ आली तर आधी बोटाने दाबून पाहा. नस उघडी असेल तर त्या लगेच दचकतात.

तिसरं, गुटखा आणि माव्याने आखडलेलं तोंड. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण दोन बोटंही न शिरणारी तोंडं मी दर आठवड्याला पाहते, त्यात विशी-पंचविशीची मुलंही असतात. इथे नेहमीचा ब्लॉक जमत नाही, कारण तोंड उघडण्यावरच तो उभा आहे. बंद तोंडाची पद्धत शिका. वझिरानी यांनी ती १९६० मध्ये मांडली आणि अकिनोसी यांनी १९७७ मध्ये पुन्हा. दात मिटलेले, गाल बाहेर ओढलेला, सुई वरच्या शेवटच्या दाढांच्या हिरडीच्या वरच्या कडेच्या उंचीवर, वरच्या दातांच्या रेषेला समांतर, रेमसच्या आतल्या बाजूने साधारण २५ मिमी. इथे हाडाचा स्पर्श होत नाही, म्हणून चिमटीचा अंदाज आणि ॲस्पिरेशन यांवरच भिस्त. आखडलेल्या गालात सुईला नारळाच्या काथ्यातून गेल्यासारखा अडथळा येतो. जोर लावू नका, सावकाश जा.

लागलं नाही तर

पहिली गोष्ट, थांबा. ओठाला मुंग्या तीन ते पाच मिनिटांत येतात, दाढेच्या आतल्या नसेला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. दुसरी, बर लावून परीक्षा घेऊ नका. आम्ही सुईच्या प्लास्टिकच्या टोपणांत पाणी भरून फ्रीझरमध्ये बर्फाच्या कांड्या करून ठेवतो. ती कांडी आधी शेजारच्या चांगल्या दाढेला, मग दुखऱ्या दाढेला लावा. गार कळत असेल तर दाढ जागी आहे, बर बाजूला ठेवा.

मग काय बधिर झालं आहे ते विचारा. जीभ जड आणि ओठ नाही, तर औषध उथळ किंवा खाली पडलं. पुन्हा द्या, पण वर आणि मागे. ओठ, जीभ दोन्ही जड आणि मागची दाढ तरी दुखते, तर मायलोहायॉइड नसेचा संशय घ्या. ती मुख्य नसेपासून भोकाच्या वरच फुटते, कधी कधी जिभेच्या बाजूने हाडात शिरून दाढांना शाखा देते, आणि आपल्या ब्लॉकला चुकवते. दुखऱ्या दाढेच्या मागच्या दाढेच्या मुळाशी, जिभेच्या बाजूला, ०.५ ते ०.६ मिली द्या. अक्कलदाढेच्या मागे हाडात शिरणारी एखादी शाखा असेल तर तिथेही थोडं. पुढचे दात दुखत असतील तर समोरच्या बाजूची शाखा मध्यरेषा ओलांडून आलेली असते, ओठाच्या बाजूने थोडं औषध पुरतं.

एवढं करूनही बाजू वारंवार फसत असेल, तर गो-गेट्स यांची १९७३ ची पद्धत हाताशी ठेवा. ओठाचा कोपरा आणि कानाच्या भोकाखालची खाच यांना जोडणारी रेषा, तोंड पूर्ण उघडं, सुई वरच्या दुसऱ्या दाढेच्या टोकाच्या उंचीवरून जबड्याच्या मानेकडे. नस फांद्या सोडायच्या आधीच गाठली जाते, म्हणून मायलोहायॉइडही त्यात येते. असर सावकाश होतो, औषध दिल्यावर एक-दोन मिनिटं तोंड उघडंच ठेवायला सांगा. शिकताना हात कापतो. हळूहळू बसतो.

आणि ठणकणारी दाढ. ती शरीररचनेमुळे कमी आणि सुजेमुळे जास्त हट्ट करते. ब्लॉक अचूक लागूनही ती जागी राहते. पोटाचा, किडनीचा, दम्याचा त्रास नसेल आणि बाई गरोदर नसेल, तर मी तासभर आधी आयबुप्रोफेन ६०० मिग्रॅ देते. ब्लॉकनंतर गालाच्या बाजूने आर्टिकेन हे दुसरं भुलीचं औषध. तरीही जागी असेल तर दाताच्या खोबणीत, दात हाडाला धरून ठेवणाऱ्या लिगामेंटमध्ये टोचते. यात अर्धा तास जातो. जाऊ दे.

सगळं झाल्यावर, हातमोजे काढायच्या आधी, केसपेपरवर दोन ओळी लिहा. माझ्याकडे त्या अशा असतात: "उजवी बाजू. रेमस रुंद, हाड २८ मिमीला, सिरिंज दाढांवरून. मायलोहायॉइड द्यावं लागलं, मग पहिली दाढ पूर्ण बधिर." हीच चिठ्ठी पेशंटलाही देते. एक बाई मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या, तिथे दुसऱ्या बाजूची दाढ काढायची वेळ आली. माझी चिठ्ठी त्यांनी पाकिटात मुलाच्या फोटोमागे जपून ठेवली होती. तिथल्या डॉक्टरांनी फोन करून विचारलं, "२८ लिहिलंय, बरोबर आहे ना?" मी म्हटलं, "ते उजव्या बाजूचं आहे. आता डावी आहे, एकदा चिमटीत धरून बघा."